आकाराम हवालदाराचा घसा

मु. माळवाडी, कुंडलजवळ
ता. १८ नोव्हेंबर १९४६

धनपाल गड्या, आकारामचा रामराम.

सातवीपतूर आपुन एका बाकावर बसलो. त्येच्यामागनं तू मिरजेला दवाखान्यात कंपौंडर झालास आनि म्या पलटनीत गेलो. आता लाम संपली, लढाई थांबली. हवालदार हून घरला आलोय. ऊस बरा हाय, राही बरी हाय, म्हस गाभन हाय.

लिवायचं कारन माजं न्हाई. आमच्या गावात एक मानूस हाय. नाव सांगत न्हाई, त्येला लाज वाटती. दिवाळीपास्नं त्येचा भाकरीचा घास छातीत अडकतोय. वरनं पानी प्यालं की जातोय खाली, पर कचेरीतल्या अर्जासारका, थांबत थांबत. मानूस दनकट हाय. तुज्या दवाखान्यात ती लाल दवा असती, तिची एक बाटली धाडून दे. बाटलीवर नाव घालू नगंस.

आता माजं सांगतो. पलटनीत शिटी वाजली की एका मिंटात च्या संपवाय लागायचा, न्हाईतर वतून द्याय लागायचा. तितनं मला उकळता च्या प्यायची सवं लागली. चुलीवरनं भांडं उतरलं की बुडबुडं जिरायच्या आत घशाखाली. गावाला ह्येचं लय कौतिक. वड्यापलीकडं हणमंतवाडीत जोतिबा गुळव्या हाय, गुऱ्हाळावर गूळ करतोय. त्यो काहिलीतली काकवी उकळती पितोय. दसऱ्याला आमा दोघांची पैज लागली, सात-सात कप उकळत्या च्याची. त्यो पाचव्याला थांबला, म्या सात प्यालो. टपालवाला नाथाजी पंच हुता. माळवाडीनं मला खांद्यावर घिऊन वड्यापतूर मिरवलं. चैतात मारुतीच्या जत्रंला परत पैज हाय, अकरा कपांची.

त्या मानसाच्या दव्याचं इसरू नगंस.

तुजा
आकाराम हवालदार


मिरज
ता. २५ नोव्हेंबर १९४६

प्रिय आकाराम,

जय जिनेंद्र. तुझ्या पैजेची हकीकत मी त्रिशलेला वाचून दाखवली. ती म्हणाली, “अहो, त्यांच्या घशाचं काय झालं असेल!” मी म्हटलं, घसा दुखतोय तो आकारामचा नव्हे, गावातल्या दुसऱ्या माणसाचा. ती माझ्याकडे बघत राहिली आणि आत गेली.

लाल औषध खोकल्याचं आहे. ते देऊन उपयोग नाही. त्या माणसाला एवढं विचारून कळव: घास नेमका कुठं अडकतो, वजन उतरलंय का, तंबाखू खातो का, दारू पितो का, भाजीपाला पोटात जातो का. आणि चहा किती ऊन पितो तेही विचार. लाजू नको म्हणावं. मी रोज चाळीस लोकांचे घसे ऐकतो.

तुझा
धनपाल


मु. माळवाडी
ता. ९ डिसेंबर १९४६

धनपाल गड्या,

त्या मानसाला इचारलं. त्यो म्हनतोय, घास बरुबर छातीच्या मदल्या हाडामागं अडकतोय. वजनाचं म्हाईत न्हाई, पर पलटनीचा पट्टा तीन भोकं आत आलाय. तंबाकू खातोय, पर लय न्हाई. जागा असतोय तवरच गालात असती. दारू थंडीपुरती घेतोय. आमच्याकडं थंडी आठ म्हैनं असती.

भाजीपाल्याचं इचारलंस. त्यो म्हनाला, पाला जनावरं खात्यात. भाकरी, खर्डा, कवातरी मटान. फळ आजारी मानसाला देत्यात, आनि त्यो आजारी न्हाई, नुसता घास अडकतोय. च्या मातुर त्यो उकळताच पितोय. निवलेला च्या मला आवडत न्हाई. म्हंजे त्येला आवडत न्हाई.

आता त्येला भाकरी दुधात कुसकरून खायला लागती. राही म्हनती, असं किती दीस चालायचं. राही म्हंजे त्येची बायकू न्हवं, आमची. तिला सगळ्या गावाची काळजी असती.

दवा धाड.

आकाराम


मिरज
ता. १६ डिसेंबर १९४६

प्रिय आकाराम,

त्या माणसाला हे पत्र वाचून दाखव. तो जवळच राहतो असं दिसतं, तेव्हा लांब जावं लागणार नाही.

त्याला म्हणावं, मी डॉक्टर नाही. पण अकरा वर्षं मी या खिडकीशी उभा आहे आणि घास अडकणारी माणसं ओळखू लागलोय. ती फार उशिरा येतात. आधी भाकरी अडकते, मग ती भात खाऊ लागतात. भात अडकला की पेज, पेज अडकली की दूध. पाणी अडकलं म्हणजे बैलगाडी जुंपून मिरजेला येतात. तोपर्यंत आमच्या मोठ्या डॉक्टरांच्या हातात फारसं काही उरलेलं नसतं. अन्ननलिकेचा कॅन्सर म्हणतात त्याला. तो कशानं होतो हे अजून कुणीच छातीठोक सांगत नाही. पण डॉक्टर म्हणतात, असे रोगी आले की त्यांच्या गालात तंबाखू असते, पोटात दारू असते, ताटात हिरवं काही नसतं, आणि पुष्कळांना फार ऊन खायची-प्यायची खोड असते. रोज पोळलेली कातडी किती दिवस नवी होत राहील?

आम्ही जैन लोक पिढ्यानपिढ्या पाणी उकळून पितो. पण माझ्या आजीनं उकळतं पाणी कधी तोंडाला लावलं नाही. आधी उकळायचं, मग निववायचं, मग प्यायचं. एवढं उकळून आजवर आमच्यातल्या एकाचीही कुणी खांद्यावरून मिरवणूक काढली नाही.

त्याला म्हणावं, लाज बाजूला ठेव आणि ये. मी स्टेशनवर न्यायला येईन. घरी जेवण पेजेचंच करू.

धनपाल

ता. क. पैज रद्द कर. हे तुला सांगतोय, त्याला नाही.


मु. माळवाडी
ता. २० फेब्रुवारी १९४७

धनपालभावजींस्नी राहीबाईचा नमस्कार.

ह्ये पत्र टपालवाल्या नाथाजीकडनं लिवून घेतलंय. तुमचं दोन म्हैन्यांमागचं पत्र ह्येंनी आड्याला खोचून ठिवलं हुतं. परवा घावलं. नाथाजीनं वाचून दावलं. त्यो मानूस ह्येच, ह्ये तुमाला कळलंच असंल.

भावजी, आता भाकरी न्हाई, भात न्हाई. सकाळी दूध, सांजला आंबील. तेबी घोट घोट. आनि गावानं काय केलं बगा. कुनीतरी म्हनालं, हवालदारानं अन्न सोडलंय. दुसरा म्हनाला, जत्रंच्या पैजंसाटी व्रत धरलंय. आता रोज सांजला दारात भजन असतंय. बायका नारळ घिऊन येत्यात, ह्येंच्या पाया पडत्यात. म्या सांगितलं, बायांनो, व्रत न्हाई ह्ये, गिळता येईना झालंय. तर म्हनत्यात, राही, नवऱ्याचं पुन्य झाकू नगं.

ह्येबी गप बसत्यात. म्या इचारलं, आवं, खरं का सांगत न्हाई? तर म्हनले, “लामेतनं जित्ता आलो आनि च्यानं मरतोय, असं सांगू व्हय?”

मंग म्या च्याची किटली आडात टाकली. तर गावातनं सात किटल्या आल्या.

(मी नाथाजी लिहितो की, पंच म्हणून माझेही बोट दोनदा पोळले आहे. च्या उकळता आहे की नाही हे बोट घालूनच बघावे लागते. तरी हवालदारास काही झाल्यास पंचावर येऊ नये.)

भावजी, रडून कायबी हुईत न्हाई म्हनून रडत न्हाई. तुमी काय तरी करा. तुमचं आयकत्याल.

राहीबाई


मिरज
ता. २४ फेब्रुवारी १९४७

सौ. राहीवहिनी यांस नमस्कार.

आकारामला ओढून आणायला मी येणार होतो. पण वाडीतली भजनी मंडळी त्याला सोडणार नाहीत, आणि मीही त्याला चांगला ओळखतो. शाळेत पाय मुरगळला तेव्हा तो महिनाभर लंगडी हा नवा खेळ आहे म्हणून सांगत होता.

म्हणून सोबत गावच्या पंचांना वेगळी चिठ्ठी जोडली आहे. नाथाजींनी ती मारुतीच्या पारावर मोठ्यानं वाचावी. तीत एवढंच लिहिलं आहे की, अशा व्रताचं उद्यापन मिरजेस होतं, ते येथील मोठ्या डॉक्टरांच्या हातूनच करून घ्यावं लागतं, आणि जत्रेआधी न झाल्यास व्रत अंगावर येतं. व्रत अंगावर येईल ही गोष्ट खरीच आहे. बाकीचं खोटं ठरतं की काय, हे मी आमच्या पंडितांना अजून विचारलेलं नाही.

गुरुवारच्या सकाळच्या गाडीनं त्याला पाठवा. सोबत एखादं माणूस द्या, म्हणजे पुरे.

आपला
धनपाल


मिरज
ता. १२ मार्च १९४७

सौ. राहीवहिनी यांस नमस्कार.

म्हैस व्यायली म्हणून तुम्हाला येता आलं नाही, हे एका परीनं बरंच झालं. एखादं माणूस द्या म्हणून लिहिलं होतं, सोळा आली. किर्लोस्करवाडीच्या स्टेशनापासून मिरजेपर्यंत डब्यात भजन चाललं होतं म्हणे. हलगी वाजवत सगळे आमच्या दवाखान्याच्या दारात आले. आकाराम मध्ये, गळ्यात झेंडूचे हार. हार काढल्यावर कळलं, माणूस किती वाळलाय. खाली मान घालून म्हणाला, “धनपाल, त्यो मानूस आलाय बग.”

फोटो काढायच्या आधी रोग्याला एक पांढरं पीठ कालवून प्यायला देतात, म्हणजे नळीचा आकार फोटोत उमटतो. ते आकारामच्या हातात दिल्याबरोबर सोळा जणांनी तीर्थासाठी हात पुढे केले. नर्सबाईंना हसू आवरेना. मोठे डॉक्टर मला म्हणाले, “कंपौंडर, हे नक्की काय आहे?” मी म्हटलं, उद्यापन आहे. ते म्हणाले, “बरं. मग करूया.”

आता घाबरू नका आणि नीट ऐका. पोळून पोळून नळीच्या आत व्रण पडले होते आणि ते भरताना नळी आवळत गेली. वाट भुईमुगाच्या दाण्याएवढी राहिली होती. डॉक्टरांनी आत दुर्बीण घालून एक कण काढला आणि तपासायला पाठवला. काल उत्तर आलं. कॅन्सर नाही. डॉक्टरांचा शब्द असा की, “अजून नाही.” हा ‘अजून’ शब्द मी आकारामला पाच वेळा ऐकवला आहे. रोज एक रबरी नळी आत सोडून वाट रुंद करतात. आधी बारीक, मग जाड. लढाईत रडला नसेल एवढा रडतो, पण काल त्रिशलेनं केलेला मऊ भात त्यानं खाल्ला. चार घास. पाचव्याला माझा हात धरला आणि सोडेचना.

नाथाजी, इथून पुढचं हळू आवाजात वाचा.

मंडळींत सतरावा एक होता, हणमंतवाडीचा जोतिबा गुळव्या. त्यांच्या वाडीत अशी हूल उठली होती की, मिरजेत आकारामच्या घशाला आतून कल्हई करून घेणार आहेत, म्हणजे पैजेला चटका बसायचा नाही. जोतिबा म्हणाला, “डॉक्टरसायब, न्याव सारका पायजे. त्येला केली तशी मला बी कल्हई करा.” तो जागचा हलेना. डॉक्टरांनी हसत हसत त्याला बसवला, चार प्रश्न विचारले, आणि हसायचे थांबले. घास त्याचाही अडकत होता, सहा महिन्यांपासून. त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. दसऱ्याला पाचव्या कपाला तो थांबला तो सोसवेना म्हणून नव्हे, खाली जाईना म्हणून.

त्याच्या फोटोत दिसलं ते वेगळं आहे. त्याच्या तुकड्याचं उत्तरही कालच आलं. त्याला ‘अजून’ नाही. त्याला आहे. फार पसरला आहे, कापून काढता येण्यासारखा नाही.

हे त्याच्या घरी डॉक्टरांनीच सांगायचं ठरवलंय. तुम्ही वाडीत बोलू नका.

आपला
धनपाल


मु. माळवाडी
ता. २० जुलै १९४७

धनपाल गड्या, रामराम.

लय दीस पत्र न्हाई म्हनून रागावू नगंस. भाकरी जाती आता, पर चावून चावून. राहीनं परसात मेथी, दोडका लावलाय. म्या जनावरागत खातोय. पेरू बी खातोय, आजारी नसताना. दारू सोडली. तंबाकूचं खरं सांगतो, दोन डाव फेकली आनि दोन डाव उकिरड्यावरनं हुडकून आनली. आता तिसऱ्यांदा फेकलीया, राहीच्या हातनं, कुटं ती सांगत न्हाई.

जत्रंला म्या मारुतीच्या पारावर हुबा ऱ्हायलो आनि समद्या गावाला सांगितलं की व्रत-बित काय नव्हतं, उकळता च्या पिऊन घसा जळला, म्या लबाड बोललो. वाटलं हुतं, लोक म्हनतील, हवालदार खरं बोलला. पर लोक नारळ दिल्यालं मागाय आली. चव्वेचाळीस नारळ परत दिलं, खाल्ल्यालं इकत आनून. आता गाव मला ‘गार हवालदार’ म्हनतंय. लामेत गोळी लागली असती तर इतकं लागलं नसतं.

जोतिबाकडं दर सोमवारी जातोय. पैल्यांदा गेलो तवा त्येनं भिताडाकडं तोंड केलं. दुसऱ्यांदा म्हनाला, “कल्हई चांगली झाली का रं?” म्या म्हनलं, व्हय. मंग दोघं बी हसलो. त्येला हसताना ठसका लागला. मंग न्हाई हसवलं.

तुमच्या डाक्तरांनी त्येच्या पोटाला भोक पाडून नळी बसवलीया. मनुबाई, त्येची कारभारीन, तितनं दूध वतती. परवा त्यो म्हनाला, “हवालदार, ह्यातनं च्या वत.” मनुबाई नगं म्हनाली. त्येनं हात जोडलं. मंग म्या च्या केला, निववला, बोट घालून बगितला, आनि नरसाळ्यानं वाईच वाईच वतला. त्यो डोळं मिटून पडला हुता. म्या इचारलं, कसा लागतोय? म्हनाला, “चव न्हाई. पर कुनीतरी आत आल्यागत वाटतंय.”

धनपाल, दसऱ्याला त्यो थांबला तवा म्या त्येला सगळ्यांम्होरं डिवचलं हुतं. गुळाचा मुंगळा म्हनालो हुतो. ह्ये कुटं नेऊन ठिवायचं?

आकाराम


मिरज
ता. २६ जुलै १९४७

प्रिय आकाराम,

कुठं ठेवायचं ते मला माहीत नाही. आमच्यात वर्षातून एकदा सगळ्यांची क्षमा मागतात. त्यासाठी भाद्रपदाची वाट बघतात. तू बघू नकोस. डॉक्टर म्हणतात, फार दिवस नाहीत. सोमवारची वाट न बघता जा.

दर दोन महिन्यांनी नळी घालून घ्यायला यायचंच आहे. त्रिशला विचारते, पेरू कसे होते.

धनपाल


मु. माळवाडी
ता. ३१ ऑगस्ट १९४७

धनपाल गड्या,

जोतिबा गेला. स्वातंत्र्याचा झेंडा लागला त्येच्यामागनं पाचव्या दिशी. तुजं पत्र आलं त्याच दिशी म्या गेलो हुतो, माफी मागितली. त्यो म्हनाला, “मुंगळाच हाय म्या. गूळ सोडून गेलो कुटं?”

परवा दहावा झाला. त्येचं सांगाय बसलोय.

वड्याकाठी पिंड ठिवला. समोर पानावर त्येच्या आवडीचं: काकवी, पुरनपोळी, आनि मनुबाईच्या हातचा च्या. तिनं तितंच तीन दगडांची चूल मांडली हुती. च्याला उकळी आली, कप भरून पिंडाजवळ ठिवला. दोन्ही वाड्यांची मानसं लांब हून बसली. कावळा बाबळीवर आला. वाफ बगून मागं सरला.

अर्दा घंटा गेला. पुतन्या फुडं गेला, म्हनाला, “काका, काकीला अंतर द्यायचो न्हाई.” कावळा आला न्हाई. भाऊ म्हनाला, “गुऱ्हाळ बंद पडू द्यायचो न्हाई.” न्हाई आला. तवर च्या निवत आला. मनुबाई उठली, त्यो वतून दिला आनि दुसरा उकळता आनून ठिवला. म्हनाली, “गार च्या त्येंनी जल्मात प्याला न्हाई.” कावळा परत वाफ बगून बाबळीवर. असं चार कप झालं. ऊन डोक्यावर आलं, लेकरं भुकंनं रडाय लागली. म्हातारी मानसं म्हनाय लागली, काय तरी लय मोटी इच्छा राहिलीया.

चौथ्याची वाफ जिरायच्या आत ती पाचवा कप घिऊन निघाली तवा म्या उठलो. पिंडाच्या आडवा हुबा ऱ्हायलो. म्हनलं, “वैनी, हितला कप ऱ्हाऊ द्या. निवू द्या त्येला.”

हणमंतवाडीची मानसं उठली. एक म्हनाला, “हवालदार, मेल्यावर बी त्येला गार च्या पाजून हरवतोस व्हय?” दुसऱ्यानं माजं मुंडासं वढलं. नाथाजी मदी पडला, पंच म्हनून. म्या म्हनलं, “हरलो म्या. दसऱ्याची पैज जोतिबाचीच. समद्यांम्होरं सांगतो, हरलो. पर ह्यो एक कप निवू द्या.”

मनुबाई माज्याकडं बगत हुबी ऱ्हायली. हातातल्या कपातला च्या तिच्या बोटावर सांडत हुता, चटका बसत हुता, तरी ती खाली ठिवंना. मंग ती खाली बसली. तिच्या मागं समदी बसली.

धनपाल, शंभर मानसं एक कप निवायची वाट बगत बसली हुती. हळूहळू वाफ बारीक झाली. मंग गेली. वर साय धरली. कावळा उतरला. इकडं बगितलं, तिकडं बगितलं, चोचीनं साय बाजूला सारली, आनि प्याला. तीन डाव मान वर करून प्याला. मंग पिंडाला शिवला.

मनुबाईनं चुलीवरच्या मोट्या भांड्यातला उकळता च्या वाईच वाईच पितळ्यांत वतला आनि समद्यांच्या फुडं सरकवला. मला बी दिली. मंग तिनं आपली पितळी उचलली आनि फुकर मारली. तिची बगून शेजारनीनं मारली. मंग पुतन्यानं, भावानं, माजं मुंडासं वढल्याल्या गड्यानं. वड्याच्या ह्या काठाला बसून दोन्ही गावं आपापल्या पितळीत फुकर मारत हुती, आनि कुनी कुनाच्या तोंडाकडं बगत नव्हतं.

तुजा
आकाराम